देवाला ओळखणं म्हणजे ख्रिस्ती माणूस नक्की काय म्हणतो

माझी आजी गेली तेव्हा मिरजेत दफनाच्या वेळी पाळकसाहेब तिच्याबद्दल फार बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की बाईंनी देवाला ओळखलं होतं. आमच्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण माझा कॉलेजचा एक मित्र कोरेगावहून मुद्दाम आला होता, वारकरी घरातला, आजोबांपासून गळ्यात माळ असलेलं घर, त्याला सोडायला स्टँडवर गेलो तेव्हा चहा पिता पिता त्यानं विचारलं, "अरे, ओळखलं होतं म्हणजे काय? दर्शन वगैरे झालं होतं का आजींना?" मला हो म्हणता येईना आणि नाही पण म्हणता येईना, आणि तेवढ्यात त्याची एसटी लागली. म्हणून हे बसून लिहितोय, त्याच्यासाठी, आणि आमच्यातल्या त्या पोरांसाठी पण जी दर रविवारी उपासनेला येतात, हे वाक्य ऐकतात आणि त्याचा अर्थ कधी विचारत नाहीत.

आधी शब्दाचं बघू, कारण मराठीनं आपलं अर्धं काम सोपं केलंय. आपल्याकडे माहिती वेगळी आणि ओळख वेगळी. कलेक्टर कोण आहेत, कुठून बदलून आले, हे मला पेपरात वाचून माहिती असतं, पण कुणी विचारलं की साहेबांची आणि तुमची ओळख आहे का, तर मी गप्प बसतो, कारण त्या प्रश्नात मी त्यांना ओळखतो का एवढंच नसतं, ते मला ओळखतात का हेही असतं. ओळख दोन्हीकडून लागते. ख्रिस्ती माणूस देवाला ओळखणं म्हणतो ते या दुसऱ्या अर्थानं. आमच्या पवित्र शास्त्राचा म्हणजे बायबलचा पहिला भाग, जुना करार, मुळात हिब्रू भाषेत लिहिलाय आणि तिथं जाणण्याला यादा असा शब्द आहे, आणि तोच शब्द त्यातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आदाम आणि हव्वा या नवराबायकोच्या जवळिकीसाठी वापरलाय. म्हणजे दुरून अभ्यास करून जे कळतं ते यादा नव्हे, सोबत राहून, अंगाला लागून जे कळतं ते.

आणि निव्वळ माहितीबद्दल बायबलचा दुसरा भाग, नवा करार, फार कडक बोलतो. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की देव एकच आहे असं तू मानतोस ना, बरं करतोस, पण भुतंही तसं मानतात आणि थरथर कापतात. विचार करा, धर्मशास्त्राच्या परीक्षेला भुतं पण पास होतील. त्यांना देवाबद्दल सगळं ठाऊक आहे आणि ओळख मात्र नाही.

याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण शमुवेलाचं आहे, पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात. शिलो गावात देवाचं मंदिर होतं, तिथं एली नावाचा म्हातारा याजक म्हणजे पुजारी, त्याचे दोन मुलगेही याजक. लोक यज्ञाचं मांस शिजवायला ठेवायचे आणि या मुलांचा नोकर तीन काट्यांचा आकडा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि आकड्याला लागून जे वर येईल ते याजकासाठी घेऊन जायचा. त्यांच्याबद्दल शास्त्र सरळ म्हणतं की ते परमेश्वराला ओळखत नव्हते. जन्मापासून मंदिरात, पोट मंदिरावर, पूजापाठ सगळा पाठ, आणि ओळखत नव्हते! तिथंच शमुवेल नावाचं लहान पोर आईनं देवाच्या सेवेला ठेवलेलं, ते मंदिरातच झोपायचं. एका रात्री त्याला कुणीतरी नावानं हाक मारली. ते पळत एलीकडे गेलं, "मी आलो, तुम्ही बोलावलं ना?" एली म्हणाला मी नाही बोलावलं, जा झोप. असं तीनदा झालं, आणि पुस्तक तिथं कारण देतं की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. मंदिरात काम करणाऱ्या पोराबद्दल हे लिहिलंय. शेवटी एलीलाच कळलं हाक कुणाची आहे ते, त्यानं सांगितलं की परत हाक आली तर म्हण, परमेश्वरा बोल, तुझा दास ऐकतोय.

यातली एक गोष्ट माझ्या मित्राच्या प्रश्नाला थेट लागू पडते, ती म्हणजे आधी हाक मारली कुणी. पोरानं नाही मारली. सगळ्या पवित्र शास्त्रात हेच दिसतं, माणूस देवाला शोधायला निघायच्या आधीच देव त्याच्याकडे निघालेला असतो. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा पौल गलतीकरांना पत्र लिहिताना म्हणतो की आता तुम्ही देवाला ओळखता, आणि लगेच स्वतःचं वाक्य दुरुस्त करतो, किंबहुना देवानं तुम्हाला ओळखलंय. मला हे किंबहुना फार आवडतं, लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की आपण क्रम उलटा लावला.

येशूनं हे मेंढरांवरून सांगितलं, आणि ते आपल्या भागात राहणाऱ्या माणसाला पुस्तक न उघडता कळावं. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो की मी उत्तम मेंढपाळ आहे, मी माझ्या मेंढरांना ओळखतो आणि माझी मेंढरं मला ओळखतात, ती परक्याच्या मागं जात नाहीत कारण परक्याचा आवाज ती ओळखत नाहीत. माझं आजोळ विट्याकडचं. सुगी झाली की माणकडचे, जतकडचे धनगर मेंढरं घेऊन यायचे, मामा रानात खतासाठी दोन रात्री मेंढरं बसवायचा. एकदा दोन धनगरांचे कळप ओढ्यावर पाणी प्यायला एकत्र आले आणि मिसळले, दोनतीनशे मेंढरं असतील, मला वाटलं आता ही निवडायची कशी, दिवस जाईल. दोघं निवांत बसून तंबाखू मळत होते. मग उठले, एक पूर्वेकडे चालू लागला, एक बांधावरून खाली, दोघांनी तोंडानं आपापला आवाज काढला, आणि तो गोळा मधोमध फाटल्यासारखा झाला, ही मेंढरं ह्याच्या मागं आणि ती त्याच्या मागं. दोनचार कोकरं गोंधळली, ती आयांच्या मागं पळाली. मी दुसऱ्या दिवशी अगदी तसाच आवाज काढून बघितला, एका मेंढीनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत चरायला लागली.

त्या मेंढीला धनगराबद्दल काय माहिती होतं? गाव, वय, नाव काही नाही. पण पावसात वाघर कुणी लावली, पाय मोडला तेव्हा खांद्यावर कुणी घेतलं, रात्री लांडग्याच्या भीतीनं जागं कोण राहिलं, हे सगळं त्या आवाजात जमा झालेलं असतं. आजीची ओळख या जातीची होती. तिला त्रैक्य विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं.

त्रैक्याचं नाव निघालंच आहे तर थोडक्यात, कारण त्याशिवाय ख्रिस्ती लोकांचं ओळखणं पुरतं कळत नाही. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा. इ.स. ३२५ मध्ये निकिया इथं मंडळीची, म्हणजे चर्चची, मोठी परिषद भरली होती, तिथं हेच ठरवलं गेलं की पुत्र हा देवानं घडवलेला कुणी मोठा सेवक नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे. ऐकायला हा पंडितांचा वाद वाटतो पण सामान्य भक्ताचं सगळं त्यावरच टेकलंय, कारण येशू जर फक्त निरोप्या असेल तर त्याला भेटून मला निरोप मिळाला, देव नाही भेटला. शेवटच्या जेवणाच्या रात्री फिलिप्प नावाचा शिष्य येशूला अगदी माझ्या मित्रासारखंच बोलला, प्रभू, आम्हाला पिता दाखव म्हणजे झालं. येशू त्याला म्हणाला, फिलिप्पा, इतके दिवस मी तुमच्यासोबत आहे आणि तू मला ओळखत नाहीस का? ज्यानं मला बघितलं त्यानं पित्याला बघितलं. हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे. देव कसा आहे हे बघायचं तर कुष्ठरोग्याला हात लावणाऱ्या, मित्राच्या कबरेपाशी रडणाऱ्या, शिष्यांचे पाय धुणाऱ्या या माणसाकडे बघायचं. त्याच रात्री प्रार्थनेत तो म्हणाला की सार्वकालिक जीवन म्हणजे एकच खऱ्या देवाला आणि त्यानं पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणं. बरेच जण सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर मिळणारी जागा समजतात, आमच्यातलेसुद्धा, पण येशूची व्याख्या ओळखीवर उभी आहे, आणि ओळख आजपासून सुरू होते.

आता अवघड भाग. देव जर स्वतः हाक मारतोय तर माणूस ऐकत का नाही? शास्त्राचं उत्तर आहे पाप, आणि हा शब्द ऐकला की लोकांना खून दरोडे आठवतात आणि ते म्हणतात आम्ही काय तसले नाही. मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. आमच्या गल्लीत किराणा दुकान होतं, सगळ्यांची वहीवर उधारी. महिनाअखेरीला पैसे नसले की माणसं काय करायची, त्या रस्त्यानं जायचंच सोडायची, मागच्या बोळातून लांबून वळसा घालून जायची, रोज ज्याच्या ओट्यावर बसून गप्पा मारल्या त्या शेटजींची नजर चुकवायची. शेटजी शत्रू झालेले नसायचे, तोंड दाखवायला जागा नसायची एवढंच. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हेच आहे, माणूस झाडांच्या आड लपलाय आणि देव बागेत फिरत विचारतोय, तू कुठं आहेस? पाप म्हणजे कायदा मोडणं हे आहेच, पण त्याच्या पोटात हे लपणं आहे, तुटलेली ओळख. आणि ख्रिस्ती माणूस वधस्तंभाबद्दल, म्हणजे येशूला मारलं त्या क्रूसाबद्दल, बोलतो तेव्हा तो असं म्हणत असतो की देव वही घेऊन वसुलीला आला नाही, तो स्वतः माणूस होऊन आमच्या दारात आला आणि ते सगळं खातं स्वतःच्या अंगावर घेऊन मिटवलं. उदाहरण अपुरं आहे मला माहितीय, रक्त आणि खिळे हिशोबाच्या वहीत मावत नाहीत, पण यातली एक गोष्ट तरी खरी धरा, ओळख परत जोडायची किंमत आमच्याकडून घेतली गेली नाही. म्हणून आमच्याकडे कृपा हा शब्द इतका येतो.

माझ्या मित्राला इथं आपलं घर आठवेल असं वाटतं. कवी नारायण वामन टिळकांना तसंच झालं होतं. कीर्तन, अभंग, संस्कृत सगळ्यात मुरलेला माणूस, रेल्वेच्या प्रवासात एका परक्या माणसानं हातात नवा करार दिला, त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना त्यांना पुस्तक खाली ठेववेना, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण ते म्हणायचे की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून. आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून ते आपल्या साताऱ्यात आले आणि देवाचा दरबार नावाचं काम सुरू केलं, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा असावी असं त्यांना वाटायचं. दोनच वर्षांत, १९१९ ला ते गेले. तुकारामबुवांची तळमळ आणि ख्रिस्ती भक्तीची तळमळ एकच आहे असं मी म्हणणार नाही, दोन्ही बाजूंवर तो अन्याय होईल, पण देव नुसता मानायचा नसतो, त्याच्यावाचून जीव कासावीस व्हावा लागतो, हे मराठी माणसाला ख्रिस्ती लोकांनी शिकवायची गरज नाही.

बरं, मग एखाद्यानं देवाला ओळखलंय हे दुसऱ्याला कळणार कसं? इथं शास्त्रात एक जागा आहे जी वाचली की मी दरवेळी थांबतो. यिर्मया संदेष्टा यहोयाकीम राजाला झापतोय, तू गंधसरूचा मोठा वाडा बांधतोयस, खिडक्या काढतोयस, वर रंग देतोयस आणि मजुरांना मजुरी देत नाहीस. मग तो त्याला बापाची आठवण देतो, योशीया राजाची, तोही खाऊन पिऊन होता पण तो गरिबांचा, दुबळ्यांचा न्याय करायचा, आणि देव विचारतो, मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे का? बघा, योशीयाची प्रार्थना, उपास, दृष्टांत यातलं काही इथं सांगितलेलं नाही. योहानाचं पहिलं पत्रही तेच म्हणतं, जो प्रीती करत नाही त्याला देवाची ओळखच झालेली नाही कारण देव प्रीती आहे.

मिरजेला हे वेगळं सांगायला नको. १८९४ साली डॉक्टर विल्यम वानलेस यांनी इथं दवाखाना सुरू केला, सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला आजही त्यांचंच नाव आहे, आणि तेव्हापासून हे गाव पेशंट आणि त्यांच्या नातेवाईकांचं गाव झालं. कर्नाटकातून, कोकणातून माणसं येतात, पेशंट आत आणि घरचे बाहेर फुटपाथवर, उशाला रिपोर्टची पिशवी. आजी आठवड्यातून दोनदा भाकरी आणि पिठलं घेऊन तिकडं जायची, कापडात बांधलेल्या वीसेक भाकरी, मी सायकल धरून बरोबर. कुणाला नाव विचारायची नाही, धर्म तर नाहीच, पेशंटचं विचारायची, कुठल्या वॉर्डात आहे, ऑपरेशन कधी. एका कन्नड बाईला मराठी येत नव्हतं आणि आजीला कन्नड, दोघी नुसत्या शेजारी बसून राहिल्या अर्धा तास, मला कंटाळा आला होता घरी जायचा. पाळकसाहेब त्या दिवशी जे म्हणाले त्याचा पुरावा कुणी मागितला असता तर मी तो फुटपाथ दाखवला असता.

पण आजीला सगळं उजेडात दिसत होतं असं समजू नका. माझा काका तिशीत गेला, आणि त्यानंतर कितीतरी महिने ती प्रार्थनेला बसायची आणि बोलायचीच नाही. ओळखणं म्हणजे देवाचा पूर्ण उलगडा होणं असं ख्रिस्ती धर्म कधीच म्हणत नाही. मोशेनं देवाला म्हटलं मला तुझं तेज दाखव, तर त्याला फक्त पाठ दिसली. पौल करिंथच्या लोकांना लिहितो की आता आपल्याला आरशात अंधुक दिसतंय, आणि तेव्हाचे आरसे घासलेल्या काशाचे असायचे, घरातल्या चकचकीत परातीत तोंड बघून बघा म्हणजे कळेल. थॉमस अक्वायनस नावाचा मोठा ख्रिस्ती तत्त्वज्ञ होऊन गेला, देवाबद्दल आयुष्यभर लिहिलं, आणि १२७३ च्या डिसेंबरात उपासनेच्या वेळी त्याला असं काही अनुभवाला आलं की त्यानं लिहिणंच थांबवलं, म्हणाला आतापर्यंत लिहिलं ते सगळं मला पेंढ्यासारखं वाटतंय. आणि जुन्या करारातला तो सज्जन ईयोब! पोरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड, मित्र येऊन देवाबद्दल बरोबर वाटणारी व्याख्यानं देतायत आणि हा देवाशी भांडतोय, मला उत्तर दे म्हणून. शेवटी देव येतो, पण का झालं याचं कारण सांगतच नाही. तरी ईयोब म्हणतो, तुझ्याविषयी मी कानानं ऐकलं होतं, आता माझ्या डोळ्यांनी तुला बघतोय. आणि देव त्या व्याख्यानं देणाऱ्या मित्रांवर रागावतो, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. जे लोक घरात कुणी गेल्यावर येऊन देवाची योजना समजावून सांगतात त्यांनी हा शेवटचा अध्याय जरूर वाचावा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ पण नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. आजी त्या महिन्यांत तेच उघडून बसायची.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी मार्काचं शुभवर्तमान सांगतो, येशूच्या चार चरित्रांपैकी सगळ्यात लहान, सोळा अध्याय, दीडदोन तासात वाचून होतं. एकट्यानं वाचा पण एकट्यानंच वाचत राहू नका. मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढणारे कारागीर आहेत, घोडीचा पृष्ठभाग घासतात, तारेखाली सूत सरकवतात, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका क्षणी तार बोलायला लागते. मी एकदा विचारलं की हे कळतं कसं, तर ते म्हणाले वडिलांच्या शेजारी बसून कळलं. चर्चची मंडळी, उपासना, येशूच्या आठवणीत एकत्र भाकर-द्राक्षारस घेण्याचं प्रभुभोजन हे त्यासाठी असतं, ज्यांनी तो आवाज जास्त दिवस ऐकलाय त्यांच्या शेजारी बसायला. शमुवेलालासुद्धा एली लागलाच, तोही कसला, स्वतःची पोरं न आवरलेला, डोळे गेलेला म्हातारा.

आणि मित्रा, तुझा प्रश्न. कॉलेजला असताना मीच एकदा आजीला विचारलं होतं, तुला देव खरंच ऐकू येतो का गं. ती पहाटेची प्रार्थना उरकून चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "आवाज न्हाई रं ऐकू येत. पण मी बापाशी बोलते तवा खोली रिकामी नसती." मी म्हटलं आणि काका गेला तेव्हा? ती बराच वेळ काही बोलली नाही, तव्यावरची भाकरी उलटली, फुगली ती बघितली. मग म्हणाली, "तवा लई भांडले. पर भांडायला पण तोच हुता." आणि भाकऱ्या मोजून कापडात बांधल्या, एकोणीस झाल्या होत्या, म्हणाली थांब, अजून एक टाकते.